फुटलेल्या यानाचं कॉमिक: आधी हवेचा रोजमेळ, मग पेन्सिल

प्रश्न असा आहे: "अमळनेरला राहतो. २४ पानी कृष्णधवल विज्ञानकथा-कॉमिक स्वतःच काढून स्वतःच छापायचं आहे. तीन अंतराळवीर, तिघंही खान्देशातले. यानाला उल्केचा तुकडा लागतो आणि पृथ्वी अजून १२ दिवसांवर आहे. पण 'ऑक्सिजन संपत आला' याच्या पुढे गोष्ट सरकत नाही, आणि सगळी पानं एकसारखी दिसतात. जळगावला ३०० प्रती छापायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?"

ऑक्सिजनपासून करू नका, एवढं आधी सांगतो. बंद डब्यात माणसं अडकली की ऑक्सिजन संपायच्या आत कार्बन डायऑक्साइड त्यांना गाठतो. शिवाय ऑक्सिजनचा काटा खाली येतोय म्हटल्यावर पात्रांना करण्यासारखं काही उरत नाही. ती नुसती काट्याकडे बघत बसतात, मग पानं एकसारखी दिसणारच. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो शोषायला रसायनाचे डबे लागतात, डब्यांतून हवा ढकलायला पंखा लागतो, पंख्याला वीज लागते, वीज वापरली की उष्णता होते आणि ती बाहेर टाकायला रेडिएटर लागतो. एक वस्तू मोडली की चार ठिकाणी हात घालावा लागतो, आणि हात घालणारी माणसं काढण्यासारखी असतात.

म्हणून एक फुलस्केप वही घ्या आणि यानाचा रोजमेळ मांडा. माणशी रोजचे आकडे असे धरा: ऑक्सिजन ०.८४ किलो, उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड साधारण १ किलो, पिण्या-खाण्याचं पाणी अडीच लिटर, अंगातून निघणारी उष्णता सुमारे १०० वॅट. यानात राहण्याजोगी जागा १०० घनमीटर समजा, म्हणजे दहा बाय दहाच्या आणि दहा फूट उंचीच्या साडेतीन खोल्या. तीन माणसं मिळून दिवसाला अंदाजे १.७ घनमीटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. शोषक बंद पडला तर हवेत दर दिवशी १.७ टक्क्यांची भर पडते. चौदा-पंधरा तासांत १ टक्का: कोंदट वाटतं, झापड येते. पावणेदोन दिवसांत ३ टक्के: डोकं ठणकतं, धाप लागते. तिसऱ्या दिवसाअखेर ५ टक्के: भोवळ, गोंधळ, साधी बेरीज चुकते. ७ टक्क्यांच्या पुढे शुद्ध हरपते. गंमत अशी की तिसऱ्या दिवसाअखेरही ऑक्सिजन १५ टक्के शिल्लक असतो, आणि सिमल्याहून थोड्या उंच गावात माणसं तेवढ्यावर बाजारहाट करतात.

आता तूट निर्माण करा. शोषणासाठी लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे आहेत असं धरलं, तर माणशी रोज सुमारे १.३ किलो रसायन लागतं. तिघांचे १२ दिवस म्हणजे ३६ माणूस-दिवस, म्हणजे जवळजवळ ४७ किलो. धडकेत एक कप्पा गेला आणि हातात उरले २६ किलो, म्हणजे २० माणूस-दिवस. अंथरुणाला खिळून राहिलं तर माणूस कमी वायू सोडतो. तिघंही पडून राहिले आणि तीस टक्के बचत झाली असं धरलं, तरी २५ माणूस-दिवसांची गरज राहतेच. आणि तिघं झोपले तर दुरुस्ती कोण करणार? हा प्रश्न पात्रांनी एकमेकांना विचारायचा आहे. कोणी किती हालचाल करायची, यावरून तीन माणसांत जे भांडण पेटतं, ते 'आपण सगळे मरणार' या वाक्यापेक्षा शंभरपट धारदार असतं.

भोकाचंही गणित करून ठेवा. पोकळीकडे उघडणाऱ्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने निसटते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला जास्तीत जास्त २० लिटर. कडा खडबडीत असेल तर त्याच्या साठ-सत्तर टक्के. वरची मर्यादा धरली तर १०० घनमीटरच्या यानात २ मिलिमीटर व्यासाच्या भोकाने दाब निम्म्यावर यायला तीस तास लागतात. २ सेंटिमीटरच्या भोकाने अठरा-एकोणीस मिनिटं, १० सेंटिमीटरच्या भोकाने पाऊण मिनिट. आपली गोष्ट कोणत्या भोकाची, हे पहिल्या पानाआधी ठरवा, कारण त्यावरच पानांची गती ठरते. १० सेंटिमीटर घेतलं तर दोन पानांत कप्प्याचं दार लागलंच पाहिजे. २ मिलिमीटर घेतलं तर भोक शोधणं हीच चार पानांची गोष्ट होते. ऑगस्ट २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयूझ यानात जवळपास एवढंच भोक सापडलं होतं. आधी टेप लावली, मग गॉज आणि इपॉक्सीने बुजवलं. स्थानक मोठं, त्यामुळे कोणाला धावपळ करावी लागली नाही.

भोकातून माणूस शोषला जातो हा सिनेमातला प्रकार टाळा. एक वातावरण म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. २ सेंटिमीटरच्या भोकावर तळहात ठेवला तर ओढ तीन किलोची बसते. हात लाल होईल, सुजेल, पण भोक बुजेल. उलट ८० सेंटिमीटर व्यासाच्या दारावर, पलीकडे पोकळी असेल तर, पाच टनांचा भार येतो. ते दार हवेच्या बाजूला उघडणारं असेल तर तिघंच काय, अख्खा गाव ओढायला आला तरी उघडणार नाही. मित्र पलीकडच्या कप्प्यात आहे आणि दार असं चिकटलंय, ही चौकट फुकट मिळाली.

तुमची गोष्ट उभी करेल असा एक पेच सांगतो. भोक बुजवायचं की उघडं ठेवायचं? दाब कमी झाला की गळतीही त्याच प्रमाणात कमी होते. म्हणून यानातली माणसं नायट्रोजन भरणं थांबवतात, नुसता ऑक्सिजन सोडतात आणि दाब ३४ किलोपास्कलवर, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांशावर, येऊ देतात. अपोलो यानांमध्ये उड्डाणात साधारण एवढाच, शुद्ध ऑक्सिजनचा दाब असे. श्वासाला तो पुरतो. आता भोक ४ मिलिमीटरचं आहे असं धरा. त्यातून सेकंदाला दीड लिटर वायू जातो आणि जाताना कार्बन डायऑक्साइडही घेऊन जातो. हिशोब केला तर तिघांचा कार्बन डायऑक्साइड समुद्रसपाटीवरच्या सव्वा टक्क्याइतक्या पातळीला स्थिरावतो. डोकं जड राहील, पण माणूस जगतो, तेही शोषकाचा एकही डबा न वापरता. किंमत रोजचा ६० किलो ऑक्सिजन, १२ दिवसांचा ७०० किलो. एवढा ऑक्सिजन श्वासाच्या टाकीत कधीच नसतो. इंजिनाच्या टाकीत मात्र असतो, जर इंजिन द्रव ऑक्सिजनवर चालणारं असेल. तो आत्ता श्वासाला वापरला, तर पृथ्वीजवळ पोचल्यावर वेग कमी करायला कमी पडतो. यानाला जीव देणारी वस्तू म्हणजे ते भोक, आणि ते बुजवायला निघालेला मेकॅनिक आता शत्रू. हा पेच रोजमेळातून आला, म्हणून तो वाचकाला पटतो.

या उपायाचे दुष्परिणामही पानांवर यायला हवेत. दाब झपाट्याने उतरवला तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे धरतात, म्हणून आधी काही तास मास्कने शुद्ध ऑक्सिजन घ्यावा लागतो. मास्क दोनच असतील तर? हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वाढलं की आग भडकायची भीतीही वाढते. अपोलो १ च्या तीन अंतराळवीरांचा २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या चाचणीत बळी गेला, तो शुद्ध ऑक्सिजन भरलेल्या बंद कुपीत. शिवाय गळती म्हणजे एक बारीकसं इंजिनच. इथे तीस-चाळीस ग्रॅम वजनाएवढा धक्का सतत बसतो, यान हळूहळू फिरायला लागतं आणि अँटेनाचा रोख सुटतो.

खऱ्या घटनांपैकी दोन नीट समजून घ्या. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या ऑक्सिजन टाकीचा स्फोट झाल्यावर तिघांनी दोघांसाठी बांधलेल्या चांद्रयानात, म्हणजे चंद्रावर उतरायच्या जोडयानात, आसरा घेतला. शोषकाचे डबे भरपूर होते, पण मुख्य यानातले चौकोनी आणि चांद्रयानातले गोल. प्लास्टिकची पिशवी, पुठ्ठा, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी वापरून चौकोनी डबे बसवले. वीज वाचवायला सगळं बंद केलं आणि मुख्य यानातलं तापमान तीन-चार अंशांवर गेलं, भिंतींवर दव धरलं. दुसरी घटना २५ जून १९९७ ची. रशियाच्या मीर अंतराळ स्थानकाच्या स्पेक्त्र नावाच्या कप्प्याला मालवाहू यान धडकलं. दार लावायचं, तर दारातून केबली गेलेल्या. त्या सोडवून, उरलेल्या कापून कप्पा बंद केला. हवा वाचली, पण स्थानकाच्या विजेचा मोठा हिस्सा त्याच कप्प्याच्या सौरपट्ट्यांतून यायचा, तो गेला. दोन्ही ठिकाणी नाट्य वस्तूंच्या आकारात आणि जोडणीत आहे. तुमच्या यानातही दोन वस्तू अशा ठेवा की त्या एकमेकींना बसत नाहीत, आणि ते पान ४ वरच, कोणाच्या लक्षात येणार नाही असं दाखवून ठेवा.

आता चित्राकडे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, कारण 'वर' असं काही नसतंच. म्हणून ज्योत काडेपेटीच्या काडीसारखी टोकदार काढू नका. ती गोल, फिकी असते, आणि पंखे बंद केले की बहुधा मंदावते. धूर थर धरत नाही, सगळीकडे पसरतो. झोपलेल्या माणसाच्या तोंडाशी त्याचाच उच्छ्वास साचून राहतो, म्हणून पंखा बंद पडल्यावर पहिला धोका झोपलेल्याला. अश्रू गालावरून ओघळत नाहीत, डोळ्यावरच फुगा धरून बसतात. रक्ताचंही तेच. पंखे चालू असतील तर हरवलेली प्रत्येक वस्तू शेवटी हवा ओढणाऱ्या जाळीवर येऊन चिकटते: स्क्रू, केस, बिबडीचा (ज्वारीच्या पापडाचा) चुरा. बिबड्या यानात न्यायच्या नसतातच, एका घासाला शंभर तुकडे होऊन ते फिल्टरमध्ये बसतात. कळण्याच्या भाकरीचीही तीच गत. मांडे मात्र चालतील, घडी घालून खाता येतात. अशी एक जाळी आधी जवळून काढा, केसांचा पुंजका आणि तांब्याच्या वायरीचा तुकडा अडकलेली. पुढे पंखा बंद झाल्यावर तीच जाळी पुन्हा काढा, आता तिच्यासमोर चुरा तरंगतोय आणि ओढला जात नाही. 'पंखा बंद' असं संवादाच्या एकाही फुग्यात लिहावं लागणार नाही.

लक्षणं नीट वेगळी करा, इथे बहुतेकांची गल्लत होते. कार्बन डायऑक्साइड वाढला की माणूस धापा टाकतो, तोंड तापतं, डोकं धरतो, घाबरतो. ऑक्सिजन कमी झाला की उलट: त्याला मजेत वाटतं, खोटा आत्मविश्वास येतो, ओठ आणि नखं निळसर पडतात. कृष्णधवल चित्रात निळं दाखवायला नखांवर आणि ओठांवर बारीक तिरप्या रेघा पुरतात, पण मग त्या रेघा दुसरीकडे कुठेही सावलीसाठी वापरू नका. कार्बन डायऑक्साइड चढलेल्या पात्राचे संवाद आखूड करा, तेच वाक्य दोन चौकटींनंतर पुन्हा येऊ द्या.

आवाजाचा नियम कडक ठेवा. बाहेरच्या चौकटीत ध्वनिशब्द नाही. धडक बाहेरून दाखवली तर 'धडाम' नाही, नुसता उडालेला चुरा. आतल्या चौकटीत मात्र आवाज धातूतून येतो. बाहेर काम करणाऱ्याचा पाना घसरला तर आतल्याला भिंतीतून 'ठण्ण' ऐकू येतं, आणि स्वतः काम करणाऱ्याला तो हातमोज्यातून जाणवतो. शांत आणि गोंगाटाची पानं अशी आलटून-पालटून आली की पानं एकसारखी दिसण्याची तुमची निम्मी तक्रार मिटेल.

उरलेली निम्मी दिशेची आहे. वजनरहित यानात कोणी उलटा, कोणी आडवा, आणि वाचकाला कळत नाही आपण कुठे आहोत. एका भिंतीला सलग दिवापट्टी, समोरच्या भिंतीला जाड पकडदांडा, एवढं कायम ठेवा. पात्रं कशीही तरंगोत, या दोन खुणांपैकी एक तरी चौकटीत दिसली पाहिजे. पुठ्ठ्याचं एक फूट लांबीचं यान बनवा, एक बाजू उघडी ठेवा आणि मोबाइलच्या टॉर्चने उजेड टाकून बघा. सावल्यांसाठी यापेक्षा स्वस्त साधन नाही. सोबत मोडतोडीची वही ठेवा: कोणत्या पानानंतर कोणता दिवा गेला, कोणतं दार लागलं, कोणाच्या कपाळावर पट्टी आली, काटा कितीवर. वीज वाचवायला दिवे बंद केल्यानंतर तीन पानांनी पुन्हा लख्ख उजेड, ही चूक छापून आल्यावर पहिला वाचक पकडतो.

यंत्रांचे नमुने परदेशी कॉमिकमधून उचलू नका, तुमच्या आसपास खजिना आहे. रावेर-यावलकडची केळी पिकवायची चेंबरं बघा: जाड पफ पॅनलच्या भिंती, रबराच्या गॅस्केटचं दार, दणकट कडी, आत घुमणारे ब्लोअर. केळी पिकताना कार्बन डायऑक्साइड सोडते आणि तो १ टक्क्याच्या वर गेला की पिकणं मंदावतं, म्हणून ठरावीक वेळाने दार उघडून हवा बदलतात. तिथे काम करणाऱ्याला कोंदट हवा कशी वाटते ते विचारा, तुमच्या पाचव्या पानाचे संवाद तिथेच मिळतील. ठिबकचं फिल्टर युनिट, प्रेशर गेज, बॉल व्हॉल्व्ह, व्हेंच्युरी हे खान्देशातल्या प्रत्येक वाचकाने हाताळलेलं असतं. यानातला मेकॅनिक व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवतो तेव्हा दांडा पाइपाला आडवा आला की बंद, हे त्याला सांगावं लागत नाही. भुसावळचं रेल्वे यार्ड आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र मोठ्या पाइपांसाठी, केबल ट्रेंसाठी उत्तम आहे. पण परवानगीशिवाय आत फोटो काढायला जाऊ नका. बाहेरून दिसेल तेवढं वहीत उतरवा.

भाषेबद्दल थोडकंच. तिघं खान्देशातले म्हणजे तिघं सारखे बोलतील असं नाही. अमळनेर-धुळ्याकडचा अहिराणी बोलेल, रावेर-यावलचा लेवा गणबोली, शहाद्याच्या वर सातपुड्यातला भिली किंवा पावरी. पृथ्वीशी प्रमाण मराठीत बोलणारा वैमानिक संकटात "हवा कितली शे आते?" असं आपोआप विचारेल, आणि उत्तर येईल, "पंखा बंद पडी गया." तळटीप देऊ नका, चित्रातून अर्थ कळतो. जी बोली तुमच्या घरातली नाही, ते संवाद त्या बोलीच्या माणसाकडून वाचून घ्या.

फुग्यांचं गणित देवनागरीत वेगळं आहे. वर वेलांटी-रफार, खाली उकार. ओळी जवळ आणल्या की एकीचा उकार दुसरीच्या मात्रेत घुसतो. साडेनऊ पॉइंटच्या अक्षराला ओळींमधलं अंतर साडेतेरा ते चौदा पॉइंट ठेवा. फुगा आडवा, बसका करा. उंच अरुंद फुग्यात मराठी शब्द मावत नाहीत आणि मग लोक शब्द तोडतात. एका फुग्यात पंधरा शब्द, एका पानावर ऐंशी-नव्वद, याच्या पुढे चित्राचा जीव जातो. फाँटमध्ये 'कलम' हस्ताक्षरी वळणाचा आहे, संवादांना चांगला. यानाच्या संगणकाला 'यंत्रमानव' नावाचाच फाँट द्या. दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. कोणताही फाँट पक्का करण्याआधी 'ऱ्हास, सुऱ्या, ॲल्युमिनियम, चिठ्ठ्या, ऑक्सिजन' एवढे शब्द टाइप करून बघा. जो इथे अडखळतो तो बाद. रेडिओवरच्या आवाजाला कोनदार कडेचा फुगा, हेल्मेटच्या आतल्या आवाजाला दुहेरी रेघ, एवढा फरक पुरे.

पानांची मांडणी करताना पानउलट वापरा. विषम पान उजवीकडे असतं आणि त्याच्या शेवटी वाचक पान उलटतो, म्हणून धक्का नेहमी सम पानावर, डाव्या हाताला वर. दार उघडतं तो क्षण पान ७ वर खर्च केला तर तो पान ६ वाचतानाच दिसतो. २४ पानी पिनच्या पुस्तकात १२-१३ ही मधली जोडी एकाच सलग कागदावर येते. यानाचा उभा छेद तिथे काढा, बाकी कुठल्याही जोडीवर रेघा जुळायची खात्री नाही. धडक आणि गळती पान २ ते ७, मोजदाद ८ ते ११, छेद, मग १४ ते २१ उपाय आणि त्यांची किंमत. शेवटाला दोन-तीन पानं सोडा, जास्त नाही.

मूळ चित्र छापील आकाराच्या १.४ पट काढा. अंतिम आकार मी १४० बाय २०० मिलिमीटर सुचवेन, ए५ नाही. कारण डिजिटल छपाईचा १२ बाय १८ इंची कागद बऱ्याच ठिकाणी असतो. त्यावर ए५ च्या दोन जोड्या बसतात, पण ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) घेतलं की लांबी ३०३ मिलिमीटर होते आणि मशिनला कडेला पकड उरत नाही. १४० बाय २०० ची जोडी ब्लीडसकट २८६ मध्ये बसते. मूळ चित्र तेव्हा ए४ कागदावर मावतं. १.४ पट काढलेली ०.१ मिलिमीटरची रेघ छपाईत ०.०७ होऊन तुटते, म्हणून सगळ्यात बारीक पेन ०.२ चं. वैशाखात दुपारी शाई करू नका. पंचेचाळीस अंशांत ब्रशचं टोक पानापर्यंत पोचायच्या आत सुकतं आणि घामाचा हात रेघ पुसतो. पहाटे काम करा, हाताखाली कोरा कागद ठेवा. स्कॅन ६०० डीपीआयला. करड्या ठिपक्यांचा पोत टाकायचा तो अंतिम आकारात, आधी टाकून नंतर चित्र लहान केलं तर पट्टे उमटतात.

अंतराळ म्हणजे काळा रंग, आणि छपाईत सगळ्यात जास्त त्रास तोच देतो. ८० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथोवर, म्हणजे साध्या छपाईच्या कागदावर, भरीव काळं मागच्या पानावर दिसतं, १०० किंवा १२० जीएसएम घ्या. फाइलमध्ये काळा म्हणजे नुसता १०० टक्के काळा. चार रंगांचं मिश्रण झालं असेल तर अक्षरांना रंगीत कडा येते. डिजिटल मशिनवर मोठ्या काळ्या भागात पट्टे दिसतात आणि घडीवर टोनर तडकतो. ऑफसेटवर ओली शाई समोरच्या कागदाला लागते. उपाय एकच: सलग काळं कडेपासून कडेपर्यंत मोजक्याच पानांवर, आणि घडीच्या रेषेवर शक्य तिथे यानाचा उजळ भाग आणा. तारे ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवलेत तर शाई पसरून बुजतात. सगळे एकाच मापाचे ठिपकेही नकोत, ते धुळीसारखे दिसतात.

३०० प्रतींना डिजिटल परवडतं. पाचशेच्या वर गेलात तर ऑफसेटचं कोटेशन मागा, पण तिथे १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे तुमची २४ पानं दीड फॉर्म होतात. आठ पानं वाढवून ३२ करायचा मोह होईल, गोष्टीत दम नसेल तर करू नका. कव्हर २५० किंवा ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. प्रेसवर कोरल ड्रॉ (मांडणीचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (जुन्या पद्धतीचे फाँट) यांची सवय असते. तिथे युनिकोड मजकूर उघडला की जोडाक्षरं फुटायची दाट शक्यता असते. म्हणून अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकाररेषांमध्ये, बदललेली पीडीएफच द्या आणि "उघडून दुरुस्त करू नका" असं लिहून द्या. पिनच्या पुस्तकात मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त जाते, म्हणून फुगे बाहेरच्या कडेपासून किमान ८ मिलिमीटर आत.

सगळ्या प्रती सोडण्याआधी एक प्रत त्याच मशिनवर, त्याच कागदावर छापून, पिन मारून, कापून हातात घ्या. मॉनिटरवर बघून होकार देऊ नका. ती प्रत उजेडासमोर धरून काळं मागे दिसतं का बघा, १२-१३ ची घडी दहा वेळा उघड-मीट करा, आणि मोडतोडीची वही शेजारी ठेवून प्रत्येक पानावरचा काटा, दिवे आणि दारं तपासा. ३०० हव्या असतील तर ३१० ची ऑर्डर द्या, कटिंगमध्ये काही प्रती तिरक्या जातातच.